लोखंडी टोप

शिंपीकाकांना लढाईतल्या जुन्या वस्तूंचा भारी नाद. दुकानामागची खोली लोखंडी टोप, बिल्ले आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली. कुणी सैनिक गेल्याचं कानावर आलं की काका सांत्वनाला जात आणि निघताना हळूच विचारत, "त्यांचं काही द्यायचं आहे का?"

मग त्यांचा स्वतःचाच मुलगा सीमेवर कामी आला. त्याची ट्रंक घरी आली. वस्तूंच्या अदलाबदलीतला त्यांचा जुना सोबती भेटायला आला. ट्रंकेवर नजर ठेवून तो म्हणाला, "काका, घाई नाही. पण द्यायचं ठरलं तर आधी मला सांगा."

काकू कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, "सांगतील की. हेही असंच मागून आणायचे."

दुसऱ्या दिवशी काकांनी भिंतीवरचा एक टोप उतरवला. आत शाईने सैनिकाचं नाव लिहिलेलं होतं. नाव असलं की भाव चढतो, एवढंच त्यांनी आजवर पाहिलं होतं. टोप कापडात गुंडाळून ते त्या सैनिकाच्या घरी गेले. म्हाताऱ्या आईने दार उघडलं.

"तुमचं तुम्हाला परत द्यायला आलो."

"आता कशाला? कुठे जरा विसरत आले होते," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

काका टोप मांडीवर घेऊन पायरीवरच बसून राहिले.