बर्फ कोणाचा?

मार्डेलच्या घरात दोन सरकारं नांदतात. ती गाडीतून टपाल वाटते, म्हणजे वॉशिंग्टनची, देशाच्या सरकारची नोकर. नवरा ड्वेन महामार्गावरचा बर्फ लोटणारा नारिंगी ट्रक चालवतो, म्हणजे मिनेसोटा राज्याचा. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, पण यांचं भांडणसुद्धा सरकारी.

"तुझ्या राज्यानं काल रस्त्याकडेच्या माझ्या दोन टपालपेट्या आडव्या केल्या," कॉफी ओतताना ती म्हणते.

"पेट्यांना म्हणावं, अंग चोरून उभ्या राहा. रस्ता माझा आहे."

"मग तुझी पत्रंही रस्त्यानं चालत येऊ देत!"

फेब्रुवारीतल्या वादळानंतर मात्र थट्टेची वेळ राहिली नाही. टॉलेफसन बाईंच्या घरापुढे मार्डेलनं गाडी थांबवली, तर रस्त्याकडेच्या खांबावरची त्यांची टपालपेटी दिसेना. ड्वेनच्या ट्रकनं सकाळी रस्ता साफ करताना कडेला छातीएवढी बर्फाची भिंत रचून ठेवली होती. बाई शाळेत दोघांनाही राज्यघटना शिकवायच्या. आता काठी टेकत एकट्या राहतात. आणि मार्डेलच्या शेजारच्या सीटवर त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. शेवटची गोळी बाईंनी आज सकाळीच घेतली होती.

मार्डेल काही नियमांना भिणारी नव्हे. पण गेल्या हिवाळ्यात अशीच एक भिंत चढताना तिचा गुडघा मोडला होता, आणि पुन्हा भिंत चढलीस तर घरी बसवीन, असं साहेबांनी बजावलं होतं. भिंत चढणं गुडघ्यालाही जमणार नव्हतं. तिनं ड्वेनला फोन लावला.

"तुझ्या राज्यानं माझ्या देशापुढे भिंत घातलीय. ये आणि काढ."

"अगं, सरकारी ट्रकनं खासगी काम केलं तर माझी नोकरी जाईल. पेटीपुढचा बर्फ घरमालकानं काढायचा, असं तुमचंच पोस्ट म्हणतं ना?"

"बाई काढणार? काठीनं?"

पेटीचा कारभार वॉशिंग्टनकडे, खालची जमीन राज्याची, खांब बाईंचा. सगळ्याला धनी होता, बर्फालाच नव्हता. मार्डेल रडायच्या बेतात होती. मग तिला बाईंचा राज्यघटनेचा तास आठवला, आणि त्यांच्या ज्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा दोघांनाही आलं नव्हतं, तो प्रश्नही.

"ड्वेन, तुझी जेवणाची सुट्टी कधी?"

"आत्ताच. का गं?"

"फावडं घेऊन ये. माझ्या गाडीत एक आहेच."

तो आला. त्यानं नारिंगी बंडी काढून ट्रकमध्ये फेकली, तिनं पोस्टाचा निळा कोट काढला, आणि उण्या तापमानात स्वेटरवर दोघं खणायला लागली. गुडघ्यामुळे ती खालचा भुगा ओढत होती. वरची ढेकळं फोडताना ड्वेन स्वतःच्याच ट्रकला शिव्या घालत होता. पेटी मोकळी झाली, पेटीपासून दारापर्यंतची वाटही झाली. मग मार्डेल कोट चढवून गाडीत बसली आणि तिनं रीतसर, खिडकीतून हात काढून पाकीट पेटीत टाकलं.

दार उघडून बाई काठी टेकत वाटेनं आल्या. पाकीट काढून त्यांनी छातीशी धरलं. डोळे ओले होते, आवाज मात्र वर्गातलाच.

"घटनेनं जे देशाला दिलेलं नाही, राज्याकडेही नाही, ते कोणाचं?"

"लोकांचं, बाई!" दोघं एका सुरात ओरडली.

"उशिरा का होईना, पास झालात," बाई म्हणाल्या. "चला आत. लोकांसाठी सूप ठेवलंय."