डॅशकॅमचं सेटिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही — आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आम्ही बनारसचे मराठी. भोसले घाटाच्या मागच्या गल्लीत घर. गल्लीत गाडी येत नाही, ती मैदागिन चौकाजवळ उभी असायची. हे — म्हणजे माझे यजमान — बँकेतून निवृत्त झालेले. मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला ‘कळत नव्हतं हो’ म्हणायची सोय नाही.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी दुपारी हे गाडी घेऊन गंगेपलीकडच्या रामनगरला जायचे. मित्राकडे, दामल्यांकडे, बुद्धिबळ खेळायला — असं सांगून. मग एका हळदीकुंकवाला दामलेवहिनी भेटल्या. सहज म्हणाल्या, “भावजींना पाठवा हो एकदा. किती महिने झाले, फिरकलेच नाहीत.” मी हसले. वाण घेतलं. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एक बाई तयार झाली होती — चेहरा नसलेली, पण पक्की.

सरळ विचारलं का नाही? विचारलं की माणूस सावध होतो, असं वाटलं. बघा, स्वतःच्या नवऱ्याविषयी कसले शब्द येतात मनात!

गाडीच्या पुढच्या काचेला डॅशकॅम होता. समोरचा रस्ता आणि गाडीतला आवाज, दोन्ही टिपायचा, गाडी बंद असली तरी. अडचण एकच. कार्ड भरलं की तो जुनं पुसून नवं लिहितो, आणि मला कार्ड हाती लागायचं ते रविवारी, गाडी पुसायच्या निमित्ताने. तोवर गुरुवार पुसला गेलेला. म्हणून मी मेनूत जाऊन बिटरेट अगदी खाली आणला. म्हणजे दर सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती साठवायची, ते प्रमाण. ते कमी केलं की त्याच कार्डावर जास्त दिवस मावतात. बदल्यात काय जातं, तेही मला ठाऊक होतं — वर्गात मीच शिकवते. गाडी उभी असताना चित्र छानच दिसतं. ती धावू लागली की क्षणोक्षणी सगळं बदलतं, तेवढं लिहायला जागा पुरत नाही, मग बारीकसारीक तपशील सोडून दिला जातो. पाट्यांवरची अक्षरं. गाड्यांचे नंबर. त्यांच्या जागी नुसते चौकोनी डाग. उजेड कमी असला तर फारच.

पण नंबर मला हवे होते कुठे? मला गुरुवार हवा होता.

तो मिळाला. काय होतं त्यात? पूल, रामनगरचा बाजार, मग नदीकडची वाट आणि एक बाभळीचं झाड. गाडी झाडासमोर उभी. दार उघडल्याचा आवाज नाही. कुणाचं बोलणं नाही. मधे एकदा यांचा सुस्कारा, मग हलकं घोरणं. तासाभराने गाडी सुरू. पुढच्या गुरुवारी तेच झाड. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

माणूस घरापासून लांब थोडा वेळ एकटा बसतो — एवढंच होतं ते. त्याचंही मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला काय वाटलं? यांना कळलंय. कॅमेऱ्यासाठी हे नाटक चाललंय. मी सेटिंग तसंच ठेवलं.

मग एका गुरुवारी, परत येताना, दिवेलागणीला, पुलाच्या उतारावर एक पांढरी पिकअप यांना ओलांडून पुढे गेली आणि कडेने चालणाऱ्या एका बाईला उडवून पसार झाली. हे थांबले. बाईला उचलून मागच्या सीटवर निजवलं, इस्पितळात नेलं, तिथून मला फोन केला. मी पोचले तेव्हा बाईचा मुलगा यांची कॉलर धरून ओरडत होता, “इन्हीं की गाड़ी ने मारा है! नहीं तो आजकल कौन रुकता है?”

यांच्या शर्टावर तिचं रक्त होतं, पण चेहरा शांत. “बेटा, गाड़ी में कैमरा लगा है. सब दिख जाएगा.”

तो शांत चेहरा — त्याचं मी काय करू?

पोलीस ठाण्यात दरोगाने कार्ड लावलं. पडद्यावर उजवीकडून एक पांढरा ढग आला, विस्कटला, निघून गेला. नंबर नाही. बाईही नाही — कडेला एक करडा डाग होता, मग नव्हता. धप्प असा आवाज, आणि यांचं “अरे, अरे!” कुणी कुणाला उडवलं, काहीच कळेना. दरोगाने कॅमेरा मागवून मेनू उघडला.

“क्वालिटी सबसे नीचे है. नया कैमरा ऐसे नहीं आता. किसने किया?”

“मैंने तो कभी हाथ भी नहीं लगाया,” हे म्हणाले.

“तो अपने आप हो गया? कुछ छुपाना हो, तभी आदमी ऐसा करता है.”

हे माझ्याकडे वळले. “अगं, तुला कळतं यातलं. तू कधी पाहिलं होतंस का?”

“नाही हो,” मी म्हणाले. “मी कशाला हात लावू?”

भीतीने म्हणाले का? हो. पण तेवढंच नाही. त्या क्षणी माझ्या मनात आलं — बुद्धिबळाचं खोटं बोलणाऱ्या माणसाने खरंच बाईला उडवलं नसेल कशावरून? पाळत मी ठेवली, आणि संशयही मलाच आला.

बाईचा मोडलेला पाय जुळला. धक्का मागून बसला, काही दिसलं नाही, एवढंच तिने सांगितलं. तारखा पडत राहिल्या, शेवटी पुराव्याअभावी केस मिटली. हे सुटले, पण निर्दोष कुणी म्हटलं नाही. गल्लीत अजून म्हणतात, कॅमेरा तर यांनीच बिघडवून ठेवला होता. माझ्या सख्ख्या भावाने मला बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांग, भाऊजींनीच केलं ना ते?” मी खाली बघत राहिले. तेच त्याला उत्तर वाटलं. मी वाटू दिलं.

गाडी विकली. रामनगर बंद झालं. हे दिवसभर घरातच असतात.

गेल्या महिन्यात जेवताना हे अचानक म्हणाले, “ते सेटिंग मीच बदललं असणार. चुकून बोट लागलं असेल. आठवत मात्र नाही.” मग स्वतःशीच, “हल्ली मला बरंच आठवत नसावं.”

मी आमटी वाढली.

तेव्हापासून कुलूप लावलं की परत ओढून पाहतात. गॅस बंद केला का, पुन्हापुन्हा विचारतात. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे. यांना ते पटलं नाही. आज सकाळी खिडकीशी उभे राहून म्हणाले, “चष्मा इथे मीच ठेवला होता ना? की तू?”

“तुम्हीच,” मी म्हणाले. ते खरं होतं.

त्यांनी मान डोलावली. स्वतःचं त्यांना आता काही खरं वाटत नाही. मी सांगितलेलं वाटतं.