जमा केलेलं पिस्तूल

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आमच्या गावचे वाळूवाले आबासाहेब पिस्तूल घेऊन आले, तर त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. त्यांनीच धमकावलं म्हणून तक्रार द्यायला आलेली मी सकाळपासून उभी. त्या खुर्चीचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. कूर्गच्या माझ्या मैत्रिणीचाही वाटतो. तिकडच्या कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, तिच्या घराण्याला बंदुकीसाठी परवाना लागत नाही. सणाला पूजा करून नळीत फूल खोचतात. आमच्याकडे कमरेचं पिस्तूल दिसावं म्हणून शर्ट आखूड शिवतात.

"ताई, तुम्हीपण परवाना काढा की," आबासाहेब हसत म्हणाले.

"आधी माझी तक्रार लिहून घ्यायला सांगा. तुमचं ऐकतात इथं."

हवालदारानं पेन उचललं आणि आबासाहेबांकडे पाहिलं.