एकटीची सुट्टी

साऱ्या वर्गाला शाळा आणि एकाच पोरीला सुट्टी, असला शहाणपणा मी एकदा केला होता. एवढा भाग मी हसत हसत पुष्कळांना सांगितलाय. त्याच्या पुढचा मात्र कुणालाच नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, ते गेले बिचारे मला सज्जन समजत.

आता जिला आधी सांगायला हवं होतं तिला सांगून झालंय, जीव हलका आहे. म्हणून तुम्हालाही सांगते. जरा सावकाश सांगते, कारण — लाज वाटते, दुसरं काय?

तेव्हा मी चिटगुप्प्याजवळच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवत होते. नवी नोकरी, खळ घातलेली कडक साडी, आणि मनात पक्कं की बीदर जिल्ह्यात माझ्यासारखी बाई दुसरी नाही. वर्ग कसा? तर अंगावर माशी बसली तरी पोरं हलायची नाहीत. माशीच कंटाळून उठायची.

एकटी महानंदा हलायची. म्हणजे थांबायचीच नाही. पाटी पुसायला उठली की खिडकीशी, खिडकीतून शेळी दिसली की दारात. मी एका दमात तीन कामं सांगायची, ती पहिलं अर्धं करून बाकीची विसरायची. ‘लक्ष कुठंय तुझं?’ हे मी इतक्यांदा म्हटलंय, की हजेरीला तिचं नाव म्हणून तेच पुकारलं असतं तरी पोरीनं ‘हजर’ म्हटलं असतं. आज अशा मुलांना एडीएचडी आहे म्हणतात. पुढं बसवतात, मधेमधे उठू देतात. तेव्हा तो शब्द मला ठाऊक नव्हता. पण थांबा — त्याच्या पदराआड मी लपणार नाही. मी काय केलं ते कळायला तो शब्द लागत नाही.

बीदरहून साहेब तपासणीला यायचे होते. मी पोरांना युक्ती शिकवली. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा. साहेबांना वाटावं, वर्गच्या वर्ग हुशार! तालीम झकास चालली होती. आणि महानंदानं दोन्ही हात वर केले. वर ओरडली, ‘बाई, अर्धं येतंय!’

पोरं हसून लोळली. मला घाम फुटला. अख्ख्या वर्गात खरं बोलणारी तेवढी एकच होती, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. खाली वाकले, हनुवटी धरली, डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं — उद्या सुट्टी आहे, शाळेला यायचं नाही. तिच्याकडून म्हणवूनही घेतलं. तिनं म्हटलं, अगदी जसंच्या तसं.

तपासणी छान झाली. साहेब ‘शाबास’ म्हणाले. घरी जाताना मी पेढे घेतले.

इथवर हसू येतं ना? मलाही यायचं.

दुसऱ्या दिवशी महानंदाची आई तिला दंडाला धरून घेऊन आली. शाळा भरली होती हे तिला शेजारच्या पोरींकडून कळलं होतं.

“बाई, काल सुट्टी व्हती म्हनून ही घरीच बसली. कामून असं लबाड बोलायलीय बगा ही?”

हेडमास्तर शेजारीच उभे होते. एक ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंच. आणि मी काय म्हटलं?

“मी कशाला सांगू सुट्टी, अक्का? हिचं लक्ष असतं कुठं? भलतंच ऐकलं असेल.”

आईनं तिथंच एक ठेवून दिली. पोर रडली नाही. माझ्याकडं बघितलं — रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी एवढी वर्षं सुखात काढली असती — आणि करंगळी कानात घालून हलवली. विहिरीत पोहून आल्यावर पाणी काढतात ना, तशी.

जन्मात एकदा तिनं माझं सगळं ऐकलं होतं. आणि मी तिला पटवून दिलं, की तिनं ऐकलंच नाही.

पुढं वर्षभर मी काही सांगितलं की ती शेजारणीला विचारायची — बाई खरंच असं म्हनल्या का? आणि मी? वर्गात बोलते म्हणून तिला उभी करायची.

आता मी लेकीकडं असते, कलबुर्गीला. माझ्या तोंडी अजून गुलबर्गाच. नात महानंदाच्याच वळणाची. तिच्या मॅडमनी आम्हा घरच्यांना बसवून समजावलं — एका वेळी एकच गोष्ट सांगा, डोळ्यांत बघून सांगा, मग तिच्याकडून म्हणवून घ्या. मी मान खाली घातली. ही रीत मला येत होती हो! एकदाच वापरली होती.

मग एकदा नातीला शाळेत रंग न्यायला सांगायचं मी विसरले. मी — विसरले. पोर घरी येऊन म्हणते, “आजी, तू सांगितलं असशील. मीच ऐकलं नसेल.”

त्याच आठवड्यात मी चिटगुप्प्याची बस धरली.

तिथं बाजारात महानंदाची खानावळ आहे. चुलीपासून टेबलापर्यंत एकसारखी पळत असते. बसणं तिला अजून जमत नाही. मला ओळखलं, पाया पडली, ताट वाढलं. मी बघत राहिले. गिऱ्हाईक काही बोललं की ती तेच पुन्हा म्हणायची, “दोन भाकरी, एक झुनका — बरूबर ऐकलं न्हवं मी?” एकूणएकाला. एक म्हातारा वैतागला, “व्हय की गं अक्का! किती बार इचारतीस? कान गहाण ठिवलीस का काय?” सगळे हसले. तीही हसली. मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

गर्दी ओसरल्यावर तिला समोर बसवलं. हात धरला, डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं — सुट्टी मीच सांगितली होती. खोटं मी बोलले. आधी तुझ्याशी, मग तुझ्या आईशी. माफी मागितली नाही. मागितली असती तर भाकरीसारखी तीही तिनं लगेच वाढली असती.

पहिल्यांदाच ती अजिबात हलली नाही. मग तिचा हात कानाकडं गेला, अर्ध्यातच थांबला, आणि तोंडभर हसून ती म्हणाली,

“म्हंजी बाई, मी बरूबरच ऐकलं व्हतं की!”