लाभ, दोन, तीन

आबांना झटका आला, त्यात त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. हाताचं त्यांनी एवढं मनाला लावून घेतलं नाही. बोलण्याचं मात्र फार लागलं. आबा म्हणजे माझे सासरे. तळेगाव ढमढेऱ्यात कुणाच्याही खळ्यावर धान्य मापायचं असलं की पायली आबांच्याच हातात. आवाज असा खणखणीत, की रास कितीवर आली ते पल्याडच्या वस्तीला घरात बसून कळायचं.

आणि आकड्यांची हौस तरी किती! पावकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. शंभराला ते पाच ईसा म्हणायचे. देवाला ठेवायचं ते सव्वा, दुपारचा चहा हवा तो पाऊण कप, आणि माझा राग आला की मी अर्धवट. पण रास मापताना पहिल्या पायलीला त्यांनी जन्मात कधी 'एक' म्हटलं नाही. पहिली पायली लाभाची. लाभ, दोन, तीन. आमच्याकडं जुनी माणसं सगळी तसंच मोजतात. लाभाचं नाव घेऊन सुरुवात केली की धान्य पुरून उरतं म्हणतात.

बोलणं परत यावं म्हणून मी आबांना शिरूरला एका डॉक्टरीणबाईंकडं न्यायला लागले. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "गप्पा लगेच नाही जमणार. जे तोंडात बसलेलं आहे ते आधी येतं. रोज आकडे म्हणवून घ्या."

मग काय, सकाळ-संध्याकाळ माझा एकच धोशा. "एक म्हणा, आबा. एक." आबा भिंतीकडं बघायचे. मी चिडायची, मग मलाच रडू यायचं. त्यांना बोलता आलंच नाही तर हा माणूस आतल्या आत संपेल, हे मला दिसत होतं.

त्यात माझे चुलत दीर, आबांचे सख्खे पुतणे, आले आणि आबांच्या खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "कशाला हेलपाटे घालता, वहिनी? आबांचं मशीन बंद पडलं आता. त्यांना काय कळतंय?"

आबांनी तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी आलेलं मी बघितलं, आणि माझं टाळकंच सटकलं.

"त्यांना सगळं कळतंय, भावजी. तुम्हाला कवा कळायचं तेवढं सांगा!"

ते गेले. मी खाटेशी बसले आणि पुन्हा सुरू केलं, एक म्हणा, आबा.

पुढं एकदा माझा धाकटा भाऊ खुटबावहून बाजरी न्यायला आला. ओसरीवर आबा खाटेवर, भावानं पोत्याचं तोंड धरलेलं, मी पायली भरून ओतली. जिभेला तीच सवय लागलेली. मी म्हणाले, "एक."

मागं खाटेवर डाव्या हाताची थाप पडली.

"लाभ!"

भावाच्या हातातलं पोतं सुटलं. मी वळून बघितलं तर आबा रागानं लालबुंद. अगं बाई! इतक्या दिवसांनी पहिला शब्द आला तो मला झापायला. मी पोतं सावरलं आणि दुसरी पायली ओतली.

"दोन," आबा म्हणाले.

"तीन. चार. पाच." सहा काही केल्या निघेना. ओठ वाकडे व्हायला लागले. मी भरलेली पायली तशीच धरून उभी राहिले. आला शेवटी, वेडावाकडा, पण आला. मग मी थांबतेय कशाला!

"ताई, मला एवढी नको गं," भाऊ म्हणाला.

"गप! पोतं धर."

पोतं भरलं. मी ते पुन्हा ओतून रिकामं केलं आणि परत पहिल्यापासून लाभ. भाऊ हसत होता, मी रडत होते, आणि आबांचा आवाज चढत चालला होता. समोरच्या घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी टाळीच वाजवली. "राहू दे तुमचा एक. आपण लाभापासूनच जाऊ." लाभापासून आम्ही पाण्यापर्यंत आलो, चहापर्यंत आलो, माझ्या नावापर्यंत आलो.

भावजींना ही खबर लागली. तरी त्यांचा विश्वास कुठला बसतोय! ओसरीवर चार माणसं बसलेली असताना ते आले, आबांच्या तोंडापुढं दोन बोटं नाचवली आणि तान्ह्या पोराशी बोलावं तसं ओरडून विचारलं, "आबा, ही किती हायती?"

आबांनी बोटं बघितली. मग पुतण्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला, पण शब्द बाहेर पडला तो जुन्या खळ्यावरच्या आवाजात.

"दीडशहाणा!"

घरात थोरामोठ्यांसमोर मी कधी मोठ्यानं हसले नव्हते. त्या दिवशी तोंडाला पदरसुद्धा लावला नाही.