नेविओ वास्कोत्तोचं नाक

नेविओ वास्कोत्तो चहा प्यायला लागला, ही बातमी आमच्या सान जाकोमो वस्तीत मंगळवारी सकाळी नऊला निघाली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. बेकरीवाली म्हणाली, डॉक्टरने कॉफी तोडली. भाजीवाल्याने तर त्याचं एका इंग्रज विधवेशी लग्नच लावून टाकलं. चाळीस वर्षं कॉफी भाजणारा माणूस इटलीतल्या या कॉफीवेड्या त्रिएस्तेत चहा पितो म्हणजे काय! पाद्रीबाबांनी रविवारची प्रार्थना सोडून मासे धरायला जावं, तसलाच प्रकार.

बातमीची आई मीच. मी त्याच्या दुकानाच्या वरच राहते, कपडे शिवते, आणि माझी शिलाई मशीन खिडकीशी आहे यात माझा दोष नाही. मागच्या अंगणात हा माणूस पेल्यातून काहीतरी फिकट पिवळं घोट घोट पीत उभा होता. मी एवढंच बघितलं आणि एवढंच सांगितलं. बाकीचं लोकांनी केलं.

तो चहा नव्हता. गरम पाण्यात पिळलेलं लिंबू होतं. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, थांबायचं, पुन्हा घोट. का, ते मला महिन्याभराने कळलं, आणि कळल्यावर तोंड शिवून बसावं लागलं. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा, ते शेजाऱ्यांना विचारा. गेल्या उन्हाळ्यात त्याने भट्टी कायमची विझवली तेव्हा कुठे मला बोलायची परवानगी मिळाली. अट एकच: कॉफीबद्दल खोटं लिहायचं नाही.

बायको ओन्दीना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी ऑस्ट्रेलियात, फोन रविवारी. दुकानात एक जुनी भट्टी, गॅसवर फिरणारं लोखंडी पिंप, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर शेवटी एकच उरलेलं: कोपऱ्यावरचा आलीदाचा बार. भाजण्याची त्याची पद्धत सगळ्या वस्तीला पाठ. बिया तडतडायला लागल्या की लांब दांड्याच्या पळीने चार बाहेर काढायच्या, नाकाशी न्यायच्या, परत टाकायच्या. असं सात-आठ वेळा. मग एकदम झाकण उघडायचं. घड्याळ नाही, काही नाही. मिनिटभर उशीर झाला तर म्हणे कोळसा, आणि लवकर उघडलं तर गवताचा काढा.

त्या वर्षी हिवाळा सरल्यावर मात्र त्याच्या दुकानात नवल घडायला लागलं. त्याने पिंपाला भोक पाडून थर्मामीटर बसवलं. वजनकाटा आणला. दर अर्ध्या मिनिटाला किती तापलं ते वहीत लिहायला लागला. तडतड ऐकायला कान इतका जवळ न्यायचा की एकदा भुवई जळाली. सकाळी आलीदाच्या बारमध्ये चक्की लावायला जाई, तेही बदललं. पूर्वी एक कप चाखून सांगायचा, आज हवा दमट आहे, जरा जाड दळ. आता चौदा ग्रॅम मोजायचा, मशीनचा दांडा खाली ओढायचा आणि हातातल्या घड्याळाकडे बघत उभा राहायचा.

"सिओर नेविओ, कॉफी मागितलीय, खोकल्याचं औषध नाही," आलीदा म्हणायची.

"सत्तावीस सेकंद," तो म्हणायचा. "पंचवीस हवेत. चक्की एक खूण मोकळी कर."

गंमत अशी की कॉफी सुधारली. आधी मंगळवारची वेगळी, शुक्रवारची वेगळी लागायची. आता रोज तीच, दाट, वर तांबूस साय. लोक म्हणायचे, म्हातारपणी याचं नाक आणखी तिखट झालं. तो मान डोलवायचा आणि निघून जायचा. पूर्वी तासभर बसायचा.

मग माझा योता करपला. योता म्हणजे घेवडा आणि आंबवलेली कोबी, आमचं थंडीतलं पातळ जेवण. मी भाजीवाल्याशी जिन्यात बोलत राहिले आणि पातेल्याचं बूड करपलं. खिडक्या उघडून धूर घालवला, पण दुर्गंधी अशी की खालच्या मजल्यावरची मांजर पळाली. तेवढ्यात नेविओ माझी वाऱ्याने उडालेली उशीची खोळ परत द्यायला आला. खुर्चीत बसला, पातेल्याकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "वा मिरेला, काय घमघमाट सुटलाय!"

मी हसले. तो हसला नाही. मी पातेलं उचलून त्याच्या नाकाखाली धरलं. काळं बूड दिसल्यावर त्याचा चेहरा पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जानेवारीतल्या तापापासून."

"काहीच नाही?"

"लिंबाचा आंबटपणा जिभेला कळतो. वास नाही." मग खोळीची घडी घालत म्हणाला, "कॉफीचं एक वेळ जाऊ दे. मला माझ्या घराचाच वास येत नाही. दार उघडून आत गेलो की वाटतं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय आणि कुणीतरी येऊन मला हाकलेल."

एवढं बोलून गेला. तेव्हापासून मी कुणालाही काही सांगितलं नाही. बेकरीवालीला वाटलं मीच आजारी आहे.

डिसेंबरात एका मोठ्या कारखान्याचा माणूस आलीदाकडे आला. चकचकीत मशीन फुकट, फक्त कॉफी आमची घ्यायची. आलीदा सरळ बाई. ती नेविओला तोंडावर म्हणाली, "शनिवारी तुमची आणि त्यांची, दोन्ही देते रोजच्या लोकांना. कुठली कुणाची ते सांगायचं नाही. लोक म्हणतील ते करीन." आलीदाचा बार गेला की भट्टी बंद, हे वेगळं सांगायला नको होतं. नेविओकडे कच्च्या बिया दोनच घाण्यांपुरत्या होत्या. पुढचं पोतं शनिवारनंतर. आणि भाजलेल्या बियांना दोन दिवस मुरू द्यावं लागतं, म्हणजे भाजायचं गुरुवारी.

गुरुवारी बोरा सुटला. आमचा हा वारा डोंगरावरून उतरतो तेव्हा माणसं दिव्याच्या खांबाला मिठी मारून चालतात. बोरात इथली जुनी भट्टीवाली मंडळी भट्टी पेटवतच नाहीत. वारा धुराड्यातून ज्योत ओढून घेतो. थर्मामीटर एक सांगतं, बियांचं दुसरंच चाललेलं असतं. धुराडं इतकं घोंघावतं की तडतड ऐकूही येत नाही. उरतं ते नाक.

नऊ वाजता माझ्या दारावर थाप पडली. नेविओ टोपी हातात घेऊन उभा. "मिरेला, खाली ये. मी पळी काढतो, तू वास घे आणि सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"करपलेला योता तुला कळला होता ना? ये."

पहिला घाणा मी घालवला. कबूल करते. पळी आली की मी म्हणायचे, "ओल्या पोत्याचा," मग "भाजलेल्या पावाचा," आणि मधल्या वेळात त्याला बेकरीवालीच्या सुनेचं सांगत होते. सुनेचं प्रकरण रंगात आलं आणि पुढची पळी मी हुंगायचीच राहिले. झाकण उघडलं तेव्हा बिया तेलकट काळ्या.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फावड्याने बिया बादलीत भरल्या, हात पुसले आणि दुसरा घाणा, शेवटचा, तोलायला घेतला. "हरकत नाही," म्हणाला. "माझ्या दुकानात कुणी बोलल्याला बरेच दिवस झाले होते."

त्यानंतर मी तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा अकरा मिनिटं. ओलं पोतं. पाव. मग बदाम. धुराडं रडत होतं, ज्योत उडी मारत होती. आणि एका पळीला मला माझ्याच घरचा वास आला: इस्त्री सुती कापडावर एक क्षण जास्त राहिली की येतो तो, कापड अजून जळलेलं नसतं, पण आता उचलायलाच हवी.

"इस्त्री!" मी ओरडले. "उचला!"

त्याने थर्मामीटरकडे बघितलं. त्याच्या वहीप्रमाणे अजून चार अंश बाकी होते. नऊ-दहा महिने त्याच वहीवर तो तगला होता. एक श्वास थांबला आणि झाकण उघडलं. बिया चंदनी तपकिरी, कोरड्या, सगळ्या सारख्या.

शनिवारी बारमध्ये चौदा माणसं होती. पडद्यामागे नेविओने स्वतः चक्की लावली, चौदा ग्रॅम, पंचवीस सेकंद. तिथेच कारखान्याच्या माणसाने आपल्या चकचकीत मशीनचं बटण दाबलं. बंदरातला निवृत्त क्रेनवाला ऊचो, जो कुणालाच बरं म्हणत नाही, त्याने दोन्ही कप संपवले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. "ही नेविओची. यात माणूस आहे." दहा जणांचं बोट तिथेच गेलं. आलीदाने कारखान्याच्या माणसाला विचारलं, मशीन आजच नेताय का सोमवारी.

"नाक ते नाक!" ऊचोने नेविओच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी त्याच्या नाकाला सलाम ठोकला. नेविओने आपला कप उचलला आणि अंगणात लिंबूपाणी पीत होता अगदी तसाच, डोळे मिटून, थांबून प्याला. ते फक्त मी बघत होते.

परत येताना वारा पडला होता. चढावर मध्येच थांबून त्याने विचारलं, "कशी झाली होती?"

मी पहिल्यांदाच तिखटमीठ न लावता सांगितलं. आधी किंचित आंबट. मग बदाम. शेवटी जळक्या साखरेची चव, बराच वेळ राहणारी.

"किती वेळ?"

"आत्ताही आहे."

तो चार पावलं चालला. "पुन्हा सांग," म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. त्याच्या दारापर्यंत तीन वेळा सांगितलं.

दाराला किल्ली लावून तो आत न जाता थांबला, तेव्हा मला राहवलं नाही. "अहो, सांगून टाका ना लोकांना! मुलीला तरी सांगा. एकटे किती दिवस वागवणार हे?"

नेविओ म्हणाला, "सांगितलं, की उद्यापासून सगळे मी कसा आहे ते विचारायला येतील. कॉफी कशी आहे ते मग खरं कोण सांगेल?"