दुर्बिणीत सरळ उभा असलेला माणूस

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, काही वाचून हसतोही, खोटं कशाला बोलू. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आज हे लिहितानाही आहे असं म्हणवत नाही. जमिनीच्या मोजणीत आयुष्य गेलं. जे दुर्बिणीतून दिसतं, जे पट्टीवर वाचता येतं, तेवढंच खरं, हा स्वभाव झालेला. पण एकदा त्याच दुर्बिणीतून जे दिसलं ते मी वेळेवर कुणालाही सांगितलं नाही. आणि ते न सांगण्यापायी एका भल्या माणसाचे डोळे गेले... डोळ्यांहून मोठंही काहीतरी गेलं. ते आता लिहून ठेवतो.

मी ठाण्याला वर्तकनगरला राहतो. वागळे इस्टेटमध्ये माझं सर्व्हेचं लहानसं ऑफिस होतं. बिल्डर जमीन घेतो, आर्किटेक्ट तिच्यावर इमारती बसवतो, आणि त्या दोघांच्या आधी आम्ही जातो. जमीन कुठे उंच, कुठे खोल, उतार कुणीकडे, याचा नकाशा काढून देणं हे आमचं काम.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याण-शीळ रस्त्यावरून आत वळलं की जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावाबाहेर कपड्यांच्या रंगाचा एक बंद पडलेला कारखाना होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आज तिथे लोक राहतात, लहान मुलं खेळतात, त्यांना उगाच भीती नको. शेडचे पत्रे, लोखंड सगळं भंगारात गेलेलं. उरले होते सिमेंटचे चौथरे, त्यांच्यामध्ये वाढलेलं गवत आणि मागे मलंगगडाची रांग. माती जागोजागी जांभळट. इथे मोठं गृहसंकुल होणार होतं आणि त्याच्या आखणीसाठी आम्हाला जमिनीच्या पातळ्या घ्यायच्या होत्या.

बरोबर भास्कर होता. जवळच्याच दुसऱ्या एका गावातला, आगरी. वीसेक वर्षं माझ्याबरोबर काम करत होता. आकडे रंगवलेली उंच पट्टी असते, तिला आम्ही स्टाफ म्हणतो. भास्करने ती एकेका जागी नेऊन उभी धरायची आणि मी लांबून दुर्बिणीतून आकडा वाचायचा. तेवढ्या वर्षांत आम्हाला बोलायची गरज उरली नव्हती. मी हात वर केला की तो पुढे सरकायचा.

ऑफिसचं नवं मशीन त्या आठवड्यात घोडबंदर रोडच्या एका साइटवर गेलेलं. म्हणून मी कपाटातली माझी जुनी डंपी लेव्हल काढली. नव्या मुलांना माहीत नसेल, त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. जमीन वर, आभाळ खाली, आणि स्टाफ धरलेला माणूस वटवाघळासारखा लोंबकळलेला. आमच्या पिढीला त्याची इतकी सवय की ते उलटं आहे हे लक्षातही यायचं नाही.

भर दुपारची वेळ. मागच्या कोपऱ्याकडे सरकत होतो. दुर्बिणीत भास्कर नेहमीसारखा उलटा. आणि त्याच्या पलीकडे, कोपऱ्यातल्या गवतात, एक माणूस सरळ उभा.

मी डोळा बाजूला केला. समोर भास्कर एकटा. पुन्हा डोळा लावला, तर दोघं. काच पुसली. तरी दोघं. त्या दुसऱ्याचं अंग काळपट हिरव्या चिखलाने लडबडलेलं. एका पायात गुडघ्यापर्यंत काळा रबरी बूट, दुसरा पाय उघडा. मानेच्या वर काही दिसतच नव्हतं. दुर्बिणीत जमीन वरच्या बाजूला असते ना, तर त्याची मान त्या जमिनीला जाऊन भिडली होती आणि डोकं आत नाहीसं झालेलं. पाय हलत होते... पाण्यात मारावेत तसे.

"भास्कर, तुझ्या मागे कोण आहे रे?" मी ओरडलो.

त्याने वळून बघितलं. "कोन नाय साहेब! हितं म्हशी पन येत नाय, मानूस कुटला!" मग दात काढून म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं तुमचा."

मी परत डोळा लावला नाही. ऊन फार झालं, बाकीचं मी बघतो, असं सांगून सामान आवरायला लावलं. पट्टी खांद्यावर टाकून येताना भास्कर माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तो कोपरा ऱ्हायला ना साहेब?"

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी परत जाऊन ते काम पुरं करायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही. आणि कारण तरी कुणाला काय सांगणार? सर्व्हेअर म्हणतो दुर्बिणीत भूत दिसलं, म्हणून काम थांबलं! तेव्हा मी ऑफिसात बसून त्या कोपऱ्याचे आकडे आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरले. आमच्या धंद्यात ही लबाडी नवी नाही. जिथे कुणी पाऊल ठेवलेलं नाही तिथूनही नकाशावर उताराच्या रेषा मस्त वळणं घेत जातात. तो कोपरा इतका सोज्वळ दिसायला लागला की आर्किटेक्टने तिथे एक इमारत बसवली आणि तिच्यापुढे मुलांची बाग.

पावसाळा सरला, दिवाळी झाली आणि इमारतींचे कोपरे जमिनीवर आखायला आम्ही परत तिथे गेलो. आर्किटेक्टकडून एक तरुण मॅडम आल्या होत्या, बिल्डरचा इंजिनियर होता. गवतात साप म्हणून कॉन्ट्रॅक्टरने सगळ्यांना गमबूट दिले होते. भास्कर जन्मभर चपलेत काम केलेला माणूस. बूट चढवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, ह्ये घालून खारीत कोलबी पकराला चाललोय आसा वाटतंय!"

मॅडम हसल्या. मी मात्र त्याच्या पायांकडेच बघत राहिलो. काळे रबरी बूट, गुडघ्यापर्यंत. पण मी मनाला समजावलं, सगळ्यांच्याच पायात आहेत.

चुन्याची गोणी खांद्यावर घेऊन भास्कर त्या कोपऱ्याकडे निघाला आणि मध्येच थांबला. परत आला.

"साहेब, त्या बाजूला आपन फिरलोच नवतो ना? पट्टी लावलीच नाय तितं."

इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी हातातला नकाशा उघडला. त्या कोपऱ्यावर माझे आकडे होते, खाली माझी सही होती.

"फिरलो होतो रे," मी म्हणालो. "विसरलास तू."

भास्करने खांद्यावरची गोणी सावरली. मग मान हलवली. "आसंल," म्हणाला. आणि गेला.

कारखान्याचं सांडपाणी सोडायचा मोठा खड्डा होता तो. कधीतरी त्यावर राडारोडा आणि वर मातीचा थर टाकून झाकलेला. वरून गवत माजलं होतं. त्या दुपारी पट्टी टेकवली असती तर ती तिथेच रुतली असती, माणूस पुढे गेलाच नसता. चुन्याचं ओझं घेतलेल्या माणसाचा पाय मात्र सरळ आत गेला. तोल पुढे गेला आणि भास्कर डोक्यावर आत पडला.

मी लांब उभा होतो. तिथून मला फक्त त्याचे पाय दिसत होते. हलत होते. एका पायात बूट, दुसरा बूट निघून गेलेला.

उलटा माणूस त्या दुर्बिणीत सरळच दिसणार... एवढी साधी गोष्ट इतके महिने माझ्या डोक्यात आली नव्हती. या वेळी मधे दुर्बीण नव्हती.

मजुरांनी दोर टाकून त्याला बाहेर काढलं. जीव वाचला. पण त्या चिखलातल्या रसायनांनी डोळे जाळले, ते वाचले नाहीत. एकाने काहीच दिसेना, दुसऱ्याने उजेड-अंधार तेवढा कळायचा. इंजिनियरने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "रीडिंगच्या वेळी पट्टी त्यानेच धरली होती. त्याची जागा चुकली असेल." तो विषय तिथेच मिटला. खड्डा खणून तो सगळा चिखल काढून नेला गेला. त्यात दुसरं कुणी, काही सापडलं नाही. पूर्वी तिथे कुणी बुडालं होतं का, हेही मी गावात विचारलं. कुणालाच तसं काही ठाऊक नव्हतं. लेआउट बदलला. तो कोपरा आता मोकळा आहे.

माझा पुतण्या फिजिक्स शिकवतो. नाव-गाव न सांगता मी त्याला हे विचारून बघितलं. तो म्हणाला, "काका, तापलेल्या जमिनीवर मृगजळ होतं, त्यात उलटी प्रतिमा दिसते. ती उलटी प्रतिमा तुमच्या दुर्बिणीत सरळ." पटण्यासारखं आहे. पण प्रतिमा कुणाची? भास्कर त्या दिवशी चपलेत होता, कोरडा ठणठणीत होता.

वर्षभराने धीर करून मी भास्करच्या घरी गेलो. दारात त्याची बायको होती, यमुनाबाई.

"सापडला का घर?" एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

भास्कर ओटीवर खुर्चीत बसलेला. माझा आवाज ऐकून त्याचं तोंड फुललं. हात चाचपडत पुढे केला. "साहेब! वागळेचा ऑफिस बरा चाललाय ना?"

गावात बांधावरून कुणाचं भांडण झालं की हद्द कुठली ते सांगायला भास्करला बोलवायचे, हे मला माहीत होतं. ते अजून चालतं का, असं विचारलं.

"आता नाय जात," तो म्हणाला. "माजा भरवसा नाय. फिरलेली जागा मी फिरलो नाय म्हनून सांगत व्हतो, तुमच्यासमोरच ना! उद्या कुनाचा बांध हिकरचा तिकरं सांगीन. घराचा कुलूप पन हीच लावते."

यमुनाबाईंनी कप ठेवला. "तवा काय झाला नवता डोक्याला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "यांना समदा आठवत व्हता."

"गप गं. साहेबांनी त्याच दिवशी सांगितला मला, इसरलास म्हनून. मीच ऐकला नाय नीट, तसाच गेलो." मग माझ्या बाजूला तोंड करून म्हणाला, "एक इचारू साहेब? पयल्यांदा गेलो तवा दुर्बिणीत काय दिसला तुमाला? तोंड पांढरा फटक परला व्हता तुमचा."

शब्द अगदी ओठांवर आले होते. यमुनाबाई दाराशी उभ्या होत्या.

"काही नाही रे," मी म्हणालो. "तोंडाला काय होणार? हसतच तर होतो की आपण."

"बगा," भास्कर हसला, "ता पन मी कायतरी येगलाच आठवतोय."

मी चहा संपवला. डोळ्यांत औषध घालत जा, असं काहीतरी सांगितलं आणि उठलो. पुढच्या वेळी सांगू, असं दर सणाला ठरवत राहिलो. मग एक दिवस कळलं की भास्कर गेला, आणि कळेपर्यंत त्याचं तेरावंही होऊन गेलेलं. यमुनाबाईंसमोर जायची हिंमत मला अजून झालेली नाही. हे त्यांना कुणी वाचून दाखवलं तर बरं होईल.

त्याच्या ओटीवर बसून मला एवढंच म्हणायचं होतं... भास्कर, आपण तिकडे फिरलो नव्हतो. तुला सगळं बरोबर आठवत होतं, त्या दिवशीही आणि आजही. खोटं मी बोललो. मला माफ कर.